लालाच्या पातेल्यात लोखंड

थोरलीचा नियम एकच, पण काळ्या दगडावरची रेघ: लालाच्या, म्हणजे लाल रंगाच्या, पातेल्याजवळ लोखंड आणायचं नाही. किल्ल्या, सेफ्टीपिना, केसांतले आकडे, सगळं दाराबाहेरच्या फळीवर काढून ठेवायचं आणि मगच शेडमध्ये पाऊल टाकायचं. लोकर पिंजायला बायका यायच्या, त्यांतल्या एकीचं तोंड अखंड चालू, म्हणून सगळे तिला रेडिओच म्हणत. ती एकदा म्हणाली, "माझ्या दाढेत चांदी भरलीय, तीही काढून ठेवू का?" थोरली म्हणाली, "चांदी चालेल. जीभ काढून ठेव."

मंजिष्ठेच्या मुळांतून निघणारा लाल म्हणजे भारी मानी रंग. तांब्याच्या पातेल्यात, मंद आचेवर, तुरटीत भिजवून घेतलेल्या लोकरीवर तो असा चढतो की बघत राहावं. पण गंजक्या लोखंडाशी पाण्यात गाठ पडली की मेला म्हणून समजा. काळवंडतो, तपकिरी होतो, आणि काही करा, परत येत नाही. हे त्या शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. धाकटीलाही ठाऊक होतं. तिला माहीत नव्हतं असं सांगून मी तिला सोडवणार नाही.

धाकटी म्हणजे थोरलीची धाकटी जाऊ. वयात अंतर एवढं की धाकटी लग्न होऊन घरात आली तेव्हा थोरलीच्या मुलाला मिसरूड फुटलं होतं. एकाच घराच्या दोन मजल्यांवर दोघींचे संसार. खाली थोरली, एकटीच. नवरा गेल्यापासून तिचं जग म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. मेंढपाळांकडून लोकर यायची, ती इथे धुतली, पिंजली, कातली, रंगवली जायची आणि लड्या होऊन विणकराकडे जायची. मुलगा पलीकडच्या गल्लीत राही. तो रोज संध्याकाळी यायचा आणि "आई, आता पुरे कर" म्हणून जायचा. तीही रोज "हो" म्हणायची आणि सकाळी पुन्हा पातेलं चढवायची.

धाकटीची पोरं शाळेत जायला लागली आणि ती खाली शिकायला आली. सुरुवातीला चरख्यावर तिने जे काही काढलं त्याला सूत म्हणणं म्हणजे सुताचा अपमान. कुठे करंगळीएवढं जाड, कुठे केसाएवढं बारीक, आणि पीळ इतका की लडी टेबलावर ठेवली तर आपणहून वेटोळं घालून बसायची. थोरली ती दोन बोटांत उचलून म्हणायची, "अगं, हे सूत आहे की गांडुळांचं लग्न?" मग शेजारी बसायची आणि धाकटीच्या हातातला पिंजलेल्या लोकरीचा पेळू सैल करायची. "त्याचा गळा का धरतेस? सोड. जाऊ दे त्याला. लोकरीला आपली आपण जायचं असतं, आपण फक्त मागे मागे राहायचं." धाकटी रडायची, चिडायची, चरख्याला ढकलून वर निघून जायची आणि सकाळी तोंड वेंगाडून पुन्हा हजर. हळूहळू हात बसला. मग थोरलीने तिला रंगाकडे घेतलं. कांद्याच्या सालींचा पिवळा, अक्रोडाच्या टरफलांचा तपकिरी, निळीचं ते नाक धरायला लावणारं पिंप. लाल मात्र थोरली कुणाला करू देत नसे. लालाच्या वेळी धाकटीचं काम म्हणजे हे आण, ते धर आणि शेवटी लोकरीवर ताट ठेव.

थोरलीला डोळ्यांचं दुखणं होतं. डोळ्यामागचा पडदा झिजतोय, असं डॉक्टर म्हणाले होते. औषध नाही, ऑपरेशन नाही, पण झिजायलाही वेळ लागेल, आहे ते सांभाळा. त्यात विणकराला एका मोठ्या सभागृहासाठी गालिच्याचं काम मिळालेलं. अर्धा गालिचा थोरलीच्या लालात विणून झाला होता, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी तोच लाल हवा होता, तंतोतंत.

मुलगा म्हणाला, "आई, दिसत नाही तर रंग कसा करणार?"

"रंग डोळ्यांनी करतात असं तुला कुणी सांगितलं?" थोरली म्हणाली. "मुळं किती ते मुठीला कळतं. पाणी किती तापलं ते कोपराला कळतं. डोळे लागतात ते शेवटी वा म्हणायला."

शेडमधल्या बायका हसल्या. मुलगा हसला नाही. "ठीक आहे. या खेपेला बिनसलं तर पातेलं बंद. कबूल?"

"कबूल," थोरली फणकाऱ्याने म्हणाली. "बिनसायला मी काय काल शिकलेय?"

म्हणजे बघा, एका पातेल्यावर बाईने आपली उरलेली सगळी वर्षं लावली होती. आणि हे धाकटीसमोर झालं होतं.

त्या दिवशी थोरलीला सर्दी झालेली, डोकं जड. तरी मुळांचा भुगा तिने स्वतः मुठींनी मापला, कोपर बुडवून पाणी पाहिलं, लड्या सोडल्या, दुपारभर आचेशी बसून राहिली. संध्याकाळी आच काढली. आता लोकर सकाळपर्यंत त्याच पाण्यात मुरायची होती. "ताट ठेव, त्यावर दगड ठेव आणि ये," असं धाकटीला सांगून ती घरात जाऊन पडली.

लोकर पाण्यात गपगुमान बसत नाही, हवा धरून वर येते. म्हणून तिच्यावर भोकांचं लाकडी ताट ठेवायचं आणि त्यावर दाबाला दगड. दगड नळापाशी सापडला, पण कुणीतरी तो निळीच्या पिंपावर वापरून तसाच टाकलेला. निळाशार. घासायला हवा होता. इतक्यात वरून पोरगं ओरडलं, "आई, दूध उतू गेलं!" धाकटीने इकडेतिकडे पाहिलं. तराजूशेजारी दोन किलोचं लोखंडी वजन होतं, जुनं, गंजाने खरबरीत झालेलं. तिने ते उचललं आणि थांबली. ती थांबली, हे मी मुद्दाम सांगतो. ताट जाड आहे, वजन पाण्याच्या वरच राहील, दूध पुसून येते आणि बदलते, असा तिने मनाशी हिशेब केला, वजन ताटावर ठेवलं आणि जिना चढून पळाली. वर दूध होतं, मग पोरांचा अभ्यास, मग नवरा आला, मग जेवणं. विसरली ती त्यानंतर.

सकाळी डोळा उघडला आणि आठवलं. तशीच, चूळ न भरता खाली धावली. लोकर फुगून ताट एका बाजूला कललं होतं आणि वजन घसरून लड्यांच्या पोटात जाऊन बसलं होतं. तिने बाही न सारता हात घातला आणि ते बाहेर काढलं. त्याच्याभोवतीची लोकर काळपट झालेली, पाणी कोऱ्या चहासारखं. ओलं सगळं गडदच दिसतं, ती स्वतःला म्हणाली, वाळल्यावर उजळेल. आणि असं म्हणत म्हणत तिने ते वजन घासलं, पुसलं, तराजूशेजारी होतं तसं ठेवलं. दगड घासला, तोही ताटावर ठेवला. एवढी मेहनत आदल्या संध्याकाळी केली असती तर ही गोष्टच घडली नसती.

मग थोरली आली, नाक ओढत. तिने लडी उचलली, हलक्या हाताने पिळली आणि खिडकीपाशी धरली. "वा! उतरला बघ कसा. मागच्या खेपेपेक्षा चढ आहे."

पिंजणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. रेडिओ मान खाली घालून पिंजू लागली. तेवढ्यात विणकर आला, काखेत गालिच्याचा नमुना घेऊन. बरोबर मुलगाही होता, आईची परीक्षा बघायला. विणकर चांगला माणूस. त्याने लडी घेतली, अंगणात उजेडात नेली, नमुन्याशेजारी धरली आणि बराच वेळ तिच्याकडेच बघत राहिला, म्हणजे थोरलीकडे बघावं लागू नये.

"वहिनी," तो म्हणाला, "हा लाल नाही. तपकिरी आहे."

"चेष्टा करतोस माझी?"

"नाही हो वहिनी. चेष्टा कशी करीन?"

थोरलीने लडी डोळ्यांशी नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. मग ती वळली. "तू सांग गं. तुझे डोळे तरणे आहेत. काय आहे हा?"

"तपकिरी," धाकटी म्हणाली. त्या दिवशी एवढं एकच ती खरं बोलली.

थोरली शेडच्या कोपऱ्यात गेली. तिथे मंजिष्ठेचं पोतं होतं आणि त्याला लागून अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्याचं. तिने एका पोत्यात हात घातला, मग दुसऱ्यात, पुन्हा पहिल्यात. भुगा बोटांतून गळू दिला. "नाक बंद होतं माझं," ती म्हणाली. "वासाने तरी कळलं असतं. मी अक्रोड घातलाय यात. हाताला कळलं नाही, डोळ्याला दिसलं नाही. आणि वर वा म्हणाले."

धाकटीने तोंड उघडलं. "जाऊबाई, ते..."

मुलाने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे आई. खूप केलंस." विणकराने मान खाली घातली. रेडिओच्या डोळ्यांत पाणी. सगळे धाकटीकडे बघत होते, ती काय म्हणतेय म्हणून. लोखंड हा शब्द तिच्या ओठांवर होता. तिने तो गिळला, आणि त्याच्या जागी जे बाहेर पडलं ते असं: "पोती एकमेकांना चिकटून होती हो, जाऊबाई. कुणाचीही चूक झाली असती."

गप्प बसणं एक वेळ समजू शकतं. माणूस घाबरतं, जीभ टाळ्याला चिकटते. पण हिने नसलेली चूक थोरलीच्या गळ्यात गाठ मारून पक्की केली, आणि तीही मायेच्या सुरात. स्वतःचा आवाज ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता तू कर," थोरली म्हणाली. "मी लांबून सांगते."

धाकटीने केलं. केलं म्हणजे कसं, तर शिकवलं होतं तसं. मुठी मोजल्या, कोपर बुडवलं, आच वाढू दिली नाही आणि दगड घासून घासून ठेवला. थोरली दाराजवळच्या स्टुलावर बसून होती, बोलावलं तरी पातेल्याकडे आली नाही. सकाळी विणकराने लडी नमुन्याशेजारी धरली आणि नमुना कुठे संपतो, लडी कुठे सुरू होते ते कळेना. "जावेची जाऊ शोभतेस," तो म्हणाला. मुलगा म्हणाला, "काकू, तू होतीस म्हणून शेडची अब्रू राहिली." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना, धाकटीला ते त्या क्षणी कळलं. थोरली लांबून विचारत होती, "काय रंग आलाय गं? मला सांगा तरी." आणि रेडिओ तिला सांगत होती, लाल आलाय हो, तुमच्यासारखाच.

थोरलीचं पातेलं बंद झालं. तिने वाद घातला नाही. ती चरख्यावर बसू लागली. कातायला तिला डोळे कधीच लागले नव्हते, बोटांतून धार सोडावी तसं सूत निघायचं. पण आता हात मध्येच थांबायचा. "बघ गं, एकसारखं येतंय ना?" धाकटी म्हणायची, "अगदी एकसारखं." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मग हे घरात शिरलं. भाजीत मीठ घातलं की नाही, चाखून बघ. गॅस बंद आहे ना, एकदा बघून ये. अंगातला कपडा सुलटा आहे ना? कालपर्यंत भर बाजारातून एकटी जाऊन तुरटी पारखून आणणारी बाई कोपऱ्यावरच्या दुकानाला निघायची आणि फाटकातून परत यायची. डोळे होते तेवढेच होते, एका सकाळीत काही बिघडले नव्हते. बिघडला होता तो भरवसा. आणि ते कुणी केलं हे घरात एकाच माणसाला माहीत होतं, जो रोज तिच्या भाजीतलं मीठ चाखून बघत होता.

धाकटीचं अन्नावरचं मन उडालं. नवऱ्याने विचारलं, "वहिनींच्या जागी बसलीस म्हणून एवढी वाळलीस का?" तिने त्याच्यावर विनाकारण खेकसून घेतलं.

शेवटी तिच्याने राहवेना. एका दुपारी बाकीच्या बायका चहाला बाहेर बसल्या होत्या आणि थोरली चरख्यावर एकटी होती. धाकटी तिच्यासमोर जमिनीवरच बसली.

"जाऊबाई, तुम्ही अक्रोड घातला नव्हता. तुमचं माप बरोबर होतं. दगडाऐवजी मी वजन ठेवलं होतं, तराजूचं. ते रात्रीत आत पडलं. सकाळी मी काढून लपवलं. तुमचं काही चुकलं नव्हतं. मी चुकवलं सगळं."

चरखा थांबला. थोरली तिच्या तोंडाकडे बघत राहिली, म्हणजे तोंड असेल त्या बाजूला. धाकटी वाट बघत होती. शिव्या देईल, थोबाडीत देईल, घर डोक्यावर घेईल. काहीही कर, पण कर, असं तिला झालं होतं.

थोरलीने हात पुढे करून तिचं डोकं शोधलं आणि त्यावर ठेवला. "वेडी आहेस," ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेतेस होय?"

"नाही हो! खरं सांगतेय. पोरांची शप्पथ."

"गप! लेकरांची शप्पथ घेऊन खोटं बोलतात का? माझ्यापायी?"

"खोटं नाही, जाऊबाई. मी आत्ता करून दाखवते तुम्हाला. तेच वजन घालते, बघा तपकिरी होतो की नाही."

"कुणाला दाखवतेस?" थोरली म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "लोखंडाने लाल जातो हे मीच तुला शिकवलं. तो जाईलच. त्यातून काय कळणार? आणि मला कुठे दिसणार?"

"पण मी..."

"ऐक. तसं असतं ना, तर तू त्याच सकाळी बोलली असतीस. सगळ्यांदेखत माझी मान खाली गेली, आणि तू वजन लपवून उभी राहशील? तू? अगं, उलट तू मला पोत्यांचं सांगत होतीस. चिकटून होती, कुणाचीही चूक झाली असती, म्हणालीस. त्या दिवशी तेवढाच एक शब्द मला गोड लागला. जिला माझं एवढं दुखलं, ती असं करेल यावर मी विश्वास ठेवू?"

तिचंच खोटं तिच्या खऱ्याच्या आडवं आलं होतं. रडू आलं, आणि ते रडूही थोरलीला माया वाटली. तिने बाहेर हाक मारली, "अगं रेडिओ, इकडे या गं सगळ्या. हिचं ऐका जरा. माझ्या वाट्याची चूक हिला स्वतःच्या नावावर लावून घ्यायचीय!"

बायका आल्या, हातात चहाचे पेले घेऊनच. धाकटीने हुंदके देत पुन्हा सगळं सांगितलं, वजन, दूध, घासलेला दगड. जितकं बारीक सांगत गेली तितक्या त्या मान हलवत गेल्या. रेडिओ डोळे पुसत म्हणाली, "अशी जाऊ मिळायला पुण्य लागतं." संध्याकाळपर्यंत ही गोष्ट मुलाच्या घरी पोचली होती, आणि तो मुद्दाम येऊन काकूच्या पायाशी वाकला. ती मागे सरकली तर म्हणाला, "असू दे काकू. तुझा स्वभावच तसा."

त्या दिवसापासून धाकटी लाल करते आणि लोक तिच्या रंगाबरोबर तिच्या मनाचंही कौतुक करतात. तिने आणखी दोन-तीनदा सांगून पाहिलं. मग सोडलं, कारण दर वेळी ती थोडी आणखी चांगली ठरत होती.

मुलाकडे आता थोरली रोज संध्याकाळी जेवायला जाते. एकटी जात नाही. शेड बंद झाली की दाराशी उभी राहते आणि हात पुढे करते. "चल गं," म्हणते, "तुझा हात धरला की मला भीती वाटत नाही. तू मला कधी पडू द्यायची नाहीस." धाकटी तिचा हात धरते. गल्लीच्या तोंडाशी फरशी उचकटलेली आहे, तिथे ती थांबून म्हणते, "खाली पायरी आहे, जाऊबाई." थोरली खाली बघतसुद्धा नाही, सरळ पाय टाकते.